कंदील कोणाचा, तेल कोणाचे

गांधीजींनी हाताळलेल्या वस्तूंचा बाजार कसा चालतो, हे दोन लिलावांवरून ध्यानात येते. मार्च 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या अँटिकोरम या लिलावगृहात त्यांचा चष्मा, चपला, खिशातले घड्याळ, एक वाडगा आणि ताट असा संच विजय मल्ल्या यांनी 18 लाख डॉलरला घेतला. ऑगस्ट 2020 मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये आणखी एक चष्मा 2 लाख 60 हजार पौंडांना गेला. दरम्यान 2011 मध्ये सेवाग्राम आश्रमातलाच चष्मा चोरीला गेल्याचे उघड झाले, तेव्हा चोरालाही हा भाव ठाऊक असावा असे म्हणायला जागा आहे. या सगळ्या व्यवहारांत वस्तूची किंमत ठरते ती एकाच गोष्टीवर : तिला कोणाचा हात लागला होता. वर्धा आणि सेवाग्राम परिसरातल्या जुन्या कंदिलांकडेही लोक याच नजरेने पाहतात. कंदील दिसला की पहिला प्रश्न येतो, हा बापूंचा का? माझे म्हणणे असे की, निदान कंदिलाच्या बाबतीत हा प्रश्न चुकीचा आहे. वर्ध्याच्या कंदिलाचे गांधीजींशी असलेले नाते त्याच्या कडीपेक्षा टाकीत शोधावे लागते. त्यात कोणते तेल भरले जात होते, ते कोण पुरवत होते आणि त्याचे पैसे कुठे जात होते, हे कळल्याशिवाय तो कंदील ऐतिहासिक ठरत नाही; आणि हे कळले, तर गांधीजींचा हात ज्याला कधीही लागला नसेल असा कंदीलही त्यांच्या इतिहासाचा भक्कम पुरावा ठरू शकतो. असा एक कंदील वर्ध्यात खरोखरच तयार झाला होता. त्याचे नाव मगनदीप.

आधी स्पर्शाच्या दाव्याचे काय होते ते पाहू. चष्म्याला निदान नंबर असतो, चौकट एका चेहऱ्यावर बसलेली असते, छायाचित्राशी ताडून पाहता येते. कंदिलाचे तसे नाही. आपण ज्याला साधा कंदील म्हणतो, म्हणजे खाली पत्र्याची टाकी, तिच्यावर चपटी वात आणि ती वर-खाली करायची चावी, भोवती तारेच्या कोंडीत अडकवलेली काच, आणि दोन्ही बाजूंनी हवा खाली आणणाऱ्या दोन नळ्या, त्याची रचना अमेरिकेत जॉन अर्विन याने 1860 च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या काही वर्षांत बसवली आणि डीट्झ कंपनीने ती जगभर नेली. नंतर जर्मनीत, ऑस्ट्रियात आणि हिंदुस्थानातही त्याच्या लाखो प्रती निघाल्या. टाकीवर किंवा वरच्या टोपणावर कारखान्याचा ठसा असतो. त्यावरून बनवणारा कळतो, वापरणारा कळत नाही. शिवाय कंदील हा भागाभागाने बदलत जाणारा जिन्नस. काच आठवड्यात तडकू शकते, वात जळून संपते, कडी तुटली की लोहार किंवा कल्हईवाला तार वाकवून नवी घालतो, टाकीला भोक पडले की डाग देतो. आश्रमासारख्या सामुदायिक ठिकाणी तर एकच कंदील रात्री गोशाळेत, पहाटे प्रार्थनेला आणि संध्याकाळी रसोड्यात. अशा वस्तूवर एका माणसाचे नाव लावायचे, तर तिच्यासोबत अखंड नोंद हवी : कोणाकडून कोणाकडे, कोणत्या साली, कोणत्या यादीत. ती नसेल तर उरते ती श्रद्धा. श्रद्धेला माझा विरोध नाही. फक्त ती पुरावा म्हणून चालत नाही.

म्हणून वस्तूपासून सुरुवात न करता उजेडापासून करावी. वर्धा शहर 1866 मध्ये पालकवाडीच्या जागी वसले आणि पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. त्याआधी आणि त्यानंतरही काही काळ शहराभोवतीच्या खेड्यांत, म्हणजे आजच्या बोरगाव मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे, नालवाडी या टापूत, दिवा जळायचा तो शिवारातल्या तेलावर. जवस, तीळ, करडई ही पेरलेली, आणि करंज, निंबोळी, एरंडी, मोहाची टोळी ही बांधावरची किंवा रानातली. बी गावातच घाण्यावर जाई, तेल दिव्यात नि कढईत, पेंड बैलाच्या दावणीत. रेल्वेने ही साखळी दोन्ही टोकांनी तोडली. जातीच्या डब्यांतून कापूस आणि जवस मुंबईच्या बंदराकडे निघाले. नागपूर-वर्ध्याच्या पट्ट्यातला जवस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपला रंग आणि वॉर्निश करायला जाणारा मोठा निर्यातीचा माल होता. येतीच्या डब्यांतून आले मातीचे तेल, आधी अमेरिकेचे, मग बाकूचे, मग ब्रह्मदेशाचे. चार गॅलनचा चौकोनी पत्र्याचा डबा, असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. हा डबा खेड्यात इतका रुळला की तेल संपल्यावर तोच पाणी भरायला, धान्य मोजायला आणि कापून छपराला ठोकायलाही गेला. दिव्याचे तेल विकत आणण्याची वस्तू झाली, ती अशी. एका अर्थाने गावाने आपले जवस-तेल विलायतेच्या दारे-खिडक्यांना लावायला दिले आणि आपल्या घरात उजेडासाठी विलायती कंपनीचे तेल घेतले.

हा धंदा नेमका कशावर चालतो, हे तेलवाल्यांना पक्के माहीत होते. चीनमध्ये स्टँडर्ड ऑइल कंपनीने मेई-फू नावाचे छोटे दिवे अगदी स्वस्तात, प्रसंगी फुकटसुद्धा वाटले, कारण दिवा एकदाच विकला जातो आणि तेल रोज. कंदिलाचा सगळा अर्थव्यवहार या एका चालीत सामावला आहे. आपल्याकडे 1886 मध्ये ग्लासगोला स्थापन झालेल्या बर्मा ऑइल कंपनीने ब्रह्मदेशातल्या विहिरींवर जम बसवला आणि 1928 मध्ये शेल गटाशी हात मिळवून बर्मा-शेल उभी केली; मग कोपऱ्यातल्या किराणा दुकानापर्यंत तिचा डबा पोहोचला. या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातल्या स्वदेशी चळवळीने कंदिलाचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून आणि टिळकांच्या पाठिंब्याने 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी 1916 मध्ये काच कारखाना काढला. त्यांच्या ओगलेवाडीतून निघालेला प्रभाकर कंदील पुढे मराठी मुलखातल्या घराघरांत पोहोचला. जर्मन आणि अमेरिकन कंदिलांशी टक्कर देणारा, पावसापाण्यात न विझणारा, दुरुस्तीला सोपा असा हा माल होता आणि त्याचा अभिमान वाटावा हे रास्तच. चांगली चिमणी फुंकणे हे काही हलके काम नाही. एका बाजूने ज्योतीची उष्णता आणि दुसऱ्या बाजूने पावसाचा शिंतोडा झेलूनही न तडकणारी काच बनवायला भट्टीचे शास्त्र यावे लागते. पण प्रभाकर कंदिलाचा पत्रा देशी, काच देशी, आणि टाकीत तेल मात्र बर्मा-शेलचे. दहा वर्षांतून एकदा होणारी खरेदी स्वदेशी झाली होती, आठवड्याला होणारी नव्हती. ओगल्यांना याचा दोष देण्याचे कारण नाही. त्यांचा धंदा काचेचा होता. मला फक्त एवढेच दाखवायचे आहे की, कंदिलाच्या स्वदेशीचा अर्धा प्रश्न तेव्हा कोणी हातातच घेतलेला नव्हता.

यावर एक आक्षेप लगेच येईल. ब्रह्मदेश 1 एप्रिल 1937 पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानाचाच प्रांत होता, मग तिथले तेल परदेशी कसे? नकाशाच्या हिशेबाने आक्षेप बरोबर आहे. पण नकाशावर एका दिवसात रेघ ओढली गेली आणि तेच तेल दुसऱ्या दिवशी परदेशी ठरले, यावरूनच दिसते की रेघ हे चांगले माप नव्हते. वर्ध्याच्या खेडुताच्या दृष्टीने तेल कुठून येते यापेक्षा मोलाचे होते ते हे की त्याच्यावर त्याचा कसलाही हक्क चालत नव्हता : भाव कंपनीचा, वाहतूक रेल्वेची, नफा ग्लासगो आणि लंडनचा, आणि गावातल्या तेल्याच्या घाण्याला त्यातून दमडीही नाही. हेच माप पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत वापरले गेले.

गांधीजी आणि दिवा यांची नोंद असलेली एक घटना इथे आणायला हवी, कारण ती नेहमी चुकीच्या अर्थाने सांगितली जाते. दांडीयात्रेत 29 मार्च 1930 रोजी भाटगामला त्यांनी कार्यकर्त्यांची कडक हजेरी घेतली. रात्रीच्या वाटचालीसाठी रॉकेलचे किटसन दिवे आणले होते, आणि एक मजूर डोक्यावर तिवई ठेवून तिच्यावर जळता दिवा घेऊन चालत होता. त्याला मागून भरभर चल म्हणून ढोसले जात होते. ते पाहून गांधीजी संतापले, दिवे मागे पडावेत इतक्या वेगाने चालले, आणि नंतर भाषणात या थाटामाटावर बोलले. हे भाषण यंग इंडियात छापून आले. आता यातला राग रॉकेलवर होता का? नाही. राग होता तो ज्याच्या जिवावर उजेड मिळतो त्या माणसाकडे कोणी पाहत नाही याचा. पण दिव्याखाली कोण आहे हा प्रश्न एकदा विचारला की तो डोक्यावर तिवई घेतलेल्या मजुरापाशी थांबत नाही. चार वर्षांत तो वर्ध्यात घाण्याच्या बैलामागे चालणाऱ्या तेल्यापर्यंत आला. मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनानंतर डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू त्याचे अध्यक्ष, जे. सी. कुमारप्पा सचिव. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग आणि त्यातले घर संघाला दिले. 1928 मध्ये पाटण्याला वारलेल्या मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी नाव पडले. गांधीजी 1935 च्या सुरुवातीपासून 30 एप्रिल 1936 ला शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला जाईपर्यंत इथेच होते.

कुमारप्पा मुळात हिशेबतपासनीस होते, लंडनमध्ये त्याचे शिक्षण घेतलेले, आणि नंतर कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केलेले. त्यांच्या ग्रामोद्योगाच्या विचाराला अध्यात्माचा मुलामा देण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्याचा कणा खतावणीचा आहे. गुजरातेत मातर तालुक्याची आणि पुढे, मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ असताना, त्या प्रांतातल्या उद्योगांची पाहणी त्यांनी केली ती याच पद्धतीने : घरात काय येते, काय जाते, आणि जाते ते परत कोणत्या वाटेने येते. या नजरेला दिव्याचे तेल ही गळती वाटली नसती तरच नवल. कुमारप्पांनी संपत्तीचे दोन प्रकार मांडले. एक साठ्यातून उपसायची, कोळसा, खनिज तेल, धातू यांसारखी, जी उपसली की संपते आणि जिच्या साठ्यासाठी देश एकमेकांशी लढतात. दुसरी दरवर्षी पुन्हा येणारी, झाडाची, पिकाची, पाण्याची. त्यांचे स्थायी अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक 1945 मधले, जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेले; पण त्यातला हा भेद मगनवाडीच्या कारखान्यात त्याआधीच पत्र्याने डाग देऊन जोडला गेला होता. मगनदीप हा वनस्पतिजन्य तेलावर जळणारा कंदील ही त्याची हातात धरता येणारी आवृत्ती.

साध्या कंदिलात रॉकेल काढून करडईचे तेल ओतले तर काय होते, हे कळल्याशिवाय मगनदीपामागचा खटाटोप समजत नाही. रॉकेल पातळ असते. टाकीच्या तळापासून तीन-चार इंच उंच वातीच्या टोकापर्यंत ते सहज चढते. बियांचे तेल त्याच्या पंधरा-वीसपट दाट, एरंडीचे तर त्याहूनही कितीतरी. ते वातीतून इतके हळू चढते की ज्योतीला पुरत नाही. मग तेलाऐवजी वातच जळते, टोकाला कोळशी धरते आणि दिवा मिणमिणून विझतो. जुन्या पणतीत आणि समईत ही अडचण नव्हती, कारण तिथे तेल ज्योतीच्या जवळजवळ बरोबरीने असते. पण पणती वाऱ्यात टिकत नाही, हातात धरून शेतावर नेता येत नाही, आणि तिला काच नसल्याने उजेड थरथरता. म्हणजे करायचे होते ते हे : पणतीचे तेल आणि कंदिलाची काच यांचा संसार जमवायचा. तेलाची पातळी ज्योतीच्या जवळ ठेवायची, वातीला पुरेशी हवा द्यायची, काजळी धरू द्यायची नाही. युरोपात रॉकेल येण्याआधी पन्नास-साठ वर्षे हुशार कारागिरांनी घड्याळाची यंत्रे आणि स्प्रिंगा लावून याच अडचणीशी झुंज घेतली होती. मगनवाडीला ते खेड्यातल्या पत्रेवाल्याला जमेल अशा साधेपणाने करायचे होते. एक फायदा मात्र आयताच मिळत होता. रॉकेलची वाफ साधारण चाळीस अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते, बियांच्या तेलाला दोनशे अंशांच्या वर जावे लागते. कंदील उलटून घर पेटण्याची भीती या तेलात जवळपास नाही. आणि हा कंदील एकटा नव्हता. त्याच आवारात झवेरभाई पटेल यांनी जुन्या घाण्यात सुधारणा करून वर्धा घाणी म्हणून ओळखला जाणारा घाणा बसवला. बैलाचे आणि माणसाचे कष्ट कमी, तेलाचा उतारा जास्त. घाणा सुधारायचा आणि त्याचे तेल खपेल असा दिवाही द्यायचा, ही एकाच हिशेबाची दोन पाने होती. घाण्याविना मगनदीप हे नुसते खेळणे ठरले असते.

नावाची गंमत पाहा. ज्या मगनलालांचे नाव या कंदिलाला आहे, ते ग्रामोद्योग संघ स्थापन होण्याच्या सहा वर्षे आधीच गेले. त्यांनी तो पाहिला असणे शक्यच नाही. स्पर्शाच्या कसोटीवर मगनदीप साफ नापास होतो, आणि तरीही साबरमती आश्रमाचे व्यवस्थापन ज्यांनी सांभाळले, चरखा आणि माग सुधारण्यात ज्यांनी आयुष्य घातले, त्या माणसाशी त्याचे नाते एखाद्या हाताळलेल्या कंदिलापेक्षा खरे आहे. गांधीजींनी 30 डिसेंबर 1938 ला मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले, तेही याच भूमिकेतून : थोरांच्या वस्तू जपायला नव्हे, खेड्यातली अवजारे आणि त्यांतल्या सुधारणा लोकांपुढे मांडायला.

आता सर्वांत जड आक्षेप. रॉकेलने गरिबाच्या घरात जो उजेड आणला तो पूर्वी कधीच नव्हता. पोरांना वाचता आले, बायांना अंधारात चाचपडावे लागले नाही. अशा वेळी दाट तेलाच्या मंद दिव्याकडे परत चला म्हणणे हा प्रतिगामीपणा नाही का? यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. रॉकेल स्वस्त होते, बाजारात सहज मिळत होते आणि उजेड चांगला देत होते. लोकांनी ते निवडले ते मूर्खपणाने नव्हे. पण मगनदीप हीच या गोष्टीची कबुली आहे. मगनवाडीला पणतीच पुरेशी वाटत असती तर कंदिलाची काच, वातीची चावी आणि हवेच्या वाटा यांत डोके घालण्याचे कारण नव्हते. आणि गांधीजींची विजेबद्दलची भूमिका तर त्याच काळात छापील आहे. हरिजनच्या 22 जून 1935 च्या अंकात त्यांनी लिहिले की, प्रत्येक खेड्यात घरोघरी वीज येणार असेल तर खेडुतांनी आपली अवजारे विजेवर चालवायला माझी हरकत नाही. मात्र वीजघरांची मालकी गावसमाजाची किंवा सरकारची असावी. हे लिहिले तेव्हा ते मगनवाडीतच राहत होते. म्हणजे अडचण उजेडाच्या प्रखरतेची कधीच नव्हती. वादाचा मुद्दा मालकीचा होता, आणि तो विजेच्या तारेला जितका लागू होता तितकाच कंदिलाच्या टाकीलाही.

दुसरा आक्षेप मला अधिक त्रास देतो, कारण त्याचे पूर्ण उत्तर मगनवाडीकडेही नव्हते. जिथे माणसाला कालवणात घालायला तेल पुरत नाही, तिथे तेल जाळायचे? उत्तर म्हणून अखाद्य तेलांकडे बोट दाखवले जाते : निंबोळी, करंज, एरंडी. कागदावर ते चोख आहे. पण वर्ध्याच्या शिवारात निंबोळी गळते ती जून-जुलैत, नेमकी पेरणीच्या धांदलीत आणि पहिल्या पावसाच्या चिखलात. ती वेचायची, धुवायची, वाळवायची, कुजू द्यायची नाही, हे काम करणार कोण? ते बायांवर आणि पोरांवर पडणार, आणि त्यांच्या वेळेला मोल नाही असे धरले तरच हे तेल स्वस्त. भाटगामला मजुराच्या डोक्यावरचा दिवा ज्याला दिसला, त्याने निंबोळी वेचणारीच्या पाठीचा हिशेबही मागायला हवा. निंबोळीचे तेल दिव्यात धुरकट जळते आणि वास मारते ते वेगळेच. कुमारप्पांच्या खतावणीत घराबाहेर जाणारा पैसा काटेकोर मांडलेला आहे, घरातल्या घरात खर्च होणारे श्रम मात्र तितक्या नेमकेपणाने आलेले नाहीत. हा मगनदीपाचा खरा कच्चा दुवा आहे आणि त्याच्या चाहत्यांनी तो लपवू नये.

मग युद्धाने परीक्षा घेतली. 8 मार्च 1942 ला रंगून पडले, एप्रिलच्या मध्यात येनांजाऊंगच्या तेलविहिरी आणि यंत्रे माघार घेणाऱ्या इंग्रजांनीच उद्ध्वस्त केली, आणि हिंदुस्थानातल्या खेड्यांच्या दिव्यांचा मोठा पुरवठा काही आठवड्यांत आटला. रॉकेल रेशनवर आले, रांगा लागल्या, काळा बाजार झाला. साठ्याच्या तेलावर दिवा लावला तर दिव्याची वात दूरच्या युद्धाच्या हातात जाते, ही कुमारप्पांची भीती खरी ठरायला दहा वर्षेही लागली नाहीत. इथे विरोधक म्हणतील, युद्धात जवस-करडईचे तेलही महागले होते, त्याचे काय? महागले हे खरे; पण ज्याच्या बांधावर करंज आहे आणि गावात घाणा चालू आहे, त्याच्यापुढे महाग तेलाचा पर्याय तरी होता. ज्याच्या गावातला घाणा आधीच मोडला होता, त्याच्यापुढे अंधाराशिवाय काही नव्हते. त्या वेळी मगनदीपाला वाव मिळायला हवा होता. पण 9 ऑगस्टला गांधीजींना अटक झाली, 16 ऑगस्टला याच वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत पोलीस ठाण्यावरचा रक्तरंजित संघर्ष झाला, कार्यकर्ते तुरुंगात गेले, त्यांत कुमारप्पाही. ज्या वर्षी हा कंदील सर्वांत अधिक हवा होता, त्याच वर्षी तो बनवणारे आणि शिकवणारे हात बेड्यांत होते.

स्वातंत्र्यानंतर मगनदीप का चालला नाही याचे सोपे उत्तर तो कमी प्रतीचा होता असे दिले जाते. मला ते अपुरे वाटते. स्वतंत्र सरकारने रॉकेल रेशनच्या दुकानात आणले आणि त्याच्या भावातला फरक अनेक दशके तिजोरीतून भरला. एका दिव्याच्या तेलाला सरकारी टेकू आणि दुसऱ्याच्या तेलाला काहीच नाही, अशा शर्यतीत हरणाऱ्याच्या तब्येतीला दोष देण्यात अर्थ नसतो. त्या टेकूची किंमतही पुढे दिसली : स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये भेसळीसाठी वळवणाऱ्यांची टोळकी उभी राहिली, आणि जानेवारी 2011 मध्ये मनमाडजवळ असा अड्डा पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले गेले. दरम्यान वीज आली आणि प्रश्नच बदलला. बोरगाव मेघे आज वर्धा शहराला इतके लागून आहे की जनगणनेत ते शहरी गणले जाते. तिथे आता कंदील घरात ठेवलेच तर शोभेला, आणि टाकी कोरडी.

कोरड्या टाकीचा कंदील मग स्मृतिवस्तू म्हणून तरी जपावा की नाही? जरूर जपावा. लोकांना एखाद्या वस्तूपाशी थबकावेसे वाटते, यात हसण्यासारखे काही नाही, आणि सेवाग्रामच्या बापूकुटीतल्या साध्या वस्तूंपुढे उभे राहून कोणाला आपल्या घरातली अडगळ आठवली तर तोही एक परिणामच. माझी मागणी एवढीच की पाटीवर नुसते नाव नको. कंदील कोणत्या कारखान्याचा, त्यात कोणते तेल जळे, ते तेल कोणत्या गावच्या घाण्याचे की कोणत्या कंपनीच्या डब्यातले, हे लिहावे. आणि जिथे हे ठाऊक नाही, तिथे नाव लावण्याची घाई करू नये. अशी पाटी वाचणाऱ्याला आजचाही एक हिशेब पडताळून पाहता येईल. दिव्याचा प्रश्न विजेने सोडवला, तेलाचा मात्र दिव्यातून निघून कढईत गेला आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आज बाहेरून येते, त्यात इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा वाटा मोठा. आणि नागपूर-पुण्याच्या दुकानांत लाकडी घाण्याचे करडई तेल बाटलीत भरून, गिरणीच्या तेलापेक्षा कितीतरी चढ्या भावाने, ज्यांना परवडते त्यांना विकले जाते.